भिंतीला कान, भिंतीला कंठ : शंखाकृती कर्ण्याची पावणेचारशे वर्षे (धागा)

१/
भिंतीला कान असतात, असे मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना बजावत आला आहे. ही नुसती म्हण आहे, असेच सारे समजतात. परंतु इ.स. १६५० मध्ये रोम येथे छापल्या गेलेल्या ‘मुसुर्जिया युनिव्हर्सालिस’ या लॅटिन ग्रंथात भिंतीचा खरोखरीचा कान चित्रासह दाखवलेला आहे. ते चित्र एकदा पाहिलेला माणूस सहसा विसरत नाही.

२/
चित्रात एक चौक आहे आणि चौकात माणसे आहेत. चौकाला लागून असलेल्या वाड्याच्या जाड भिंतीच्या गर्भात शंखासारखी वळत गेलेली एक प्रचंड पोकळ नळी आहे. तिचे रुंद तोंड चौकाकडे उघडते आणि निमुळते टोक आतल्या दालनात मांडलेल्या पुतळ्याच्या मुखाशी पोहोचते. चौकातले बोलणे नळीतून वळणे घेत आत यावे आणि दगडी ओठांतून ऐकू यावे, अशी ती योजना. बोलणाऱ्याला पत्ता नाही आणि ऐकणारा दिसत नाही.

३/
पावणेचार शतके उलटली. आज जगभरातले हौशी कारागीर पातळ प्लायवूड वाकवून त्याच आकाराची पेटी बनवतात आणि घरातल्या भिंतीवर टांगतात. फरक एवढाच की प्रवासाची दिशा उलटली आहे. आता निमुळत्या टोकाशी स्पीकर असतो आणि रुंद तोंडातून गाणे बाहेर पडते. भिंतीच्या कानाचा कंठ झाला. हे कसे घडले, आणि या प्रवासाच्या मुळाशी एका विद्वानाची चूक कशी होती, त्याची ही हकीगत.

४/
त्या विद्वानाचे नाव आथानासियुस किर्शर. जन्म १६०२, जर्मनीतील फुल्डाजवळच्या गायझा गावी. जेझुइट संघाचा पाद्री. तीस वर्षांच्या युद्धाने जर्मनी होरपळत असताना तो तेथून निसटला आणि फ्रान्समार्गे रोमला पोहोचला. कोलेजिओ रोमानो या जेझुइट विद्यापीठात त्याने उरलेले आयुष्य काढले. ज्वालामुखी, चुंबक, चित्रलिपी, संगीत, प्लेग, चीन : त्याने ज्याविषयी लिहिले नाही असा विषय शोधावा लागतो. त्याचे बरेचसे सिद्धांत पुढे चुकीचे ठरले. इजिप्तच्या चित्रलिपीचे त्याने केलेले वाचन तर जवळजवळ सर्वस्वी काल्पनिक होते.

५/
देवनागरी वाचणाऱ्या माणसाचे या किर्शरशी एक नाते आहे. १६६७ मध्ये ॲमस्टरडॅम येथे निघालेल्या त्याच्या ‘चायना इलस्ट्राटा’ या ग्रंथात देवनागरी वर्णमालेचे तक्ते आहेत. आग्र्याला राहून संस्कृत शिकलेल्या हाइनरिष रोट या पाद्र्याने ते त्याला दिले होते. युरोपात छापल्या गेलेल्या देवनागरीच्या अगदी आरंभीच्या नमुन्यांत त्यांची गणना होते. म्हणजे हा धागा ज्या अक्षरांत लिहिला आहे, ती अक्षरे युरोपच्या छापखान्यापर्यंत नेणाऱ्यांत भिंतीला कान लावणारा हाच माणूस होता.

६/
कानाची कल्पना त्याला सुचली कुठून? १६३७-३८ मध्ये एका जर्मन राजपुत्राबरोबर तो माल्टा आणि सिसिली येथे गेला. सिसिलीतील सिराक्यूज येथे चुनखडीच्या जुन्या खाणीत ‘डायोनिसियसचा कान’ नावाची एक गुहा आहे. उंची सुमारे २३ मीटर, खोली सुमारे ६५ मीटर, आकार नागमोडी. तिला हे नाव चित्रकार काराव्हाज्जो याने दिले, असे सांगतात. जुलमी राजा डायोनिसियस गुहेत कैदी डांबत असे आणि वरच्या फटीला कान लावून त्यांची कुजबुज ऐकत असे, अशी दंतकथा आहे. किर्शरने या गुहेचा बारकाईने विचार केला.

७/
त्याने माणसाच्या कानाच्या रचनेचाही अभ्यास केला. आंतरकर्णात शंखासारखी वळलेली एक इवलीशी नळी असते. तिला कॉक्लिया म्हणतात आणि त्या लॅटिन शब्दाचा अर्थच मुळी गोगलगाय. सृष्टिकर्त्याने ऐकण्यासाठी हाच आकार योजला असेल, तर ध्वनी वाढवण्याचे सामर्थ्य या वळणांतच असले पाहिजे, असा निष्कर्ष त्याने काढला. सरळ नळीपेक्षा वळलेली नळी आवाज अधिक मोठा करते, हे त्याचे ठाम मत झाले. तर्क देखणा होता, पण त्यातच चूक होती. ती नेमकी कोणती, ते पुढे येईल.

८/
किर्शर नुसता लिहिणारा नव्हता, हाताने करून पाहणाराही होता. कोलेजिओ रोमानोतील आपल्या खोलीपासून खालच्या अंगणापर्यंत त्याने एक नळी बसवून घेतली. कोणी भेटायला आले की द्वारपालाने जिने चढून वर यायचे कारण उरले नाही. त्याने खालूनच नळीत बोलायचे आणि किर्शरने वरून उत्तर द्यायचे. विजेचा कसलाही वापर नसलेले हे घरगुती संभाषणयंत्र. या विषयातली पहिली ‘घरी बनवलेली’ वस्तू म्हणून तिच्याकडे बोट दाखवता येईल.

९/
पुढे त्याने आपले प्रसिद्ध वस्तुसंग्रहालय थाटले आणि ती नळी तेथे नेली. तिचे टोक एका पुतळ्याला जोडले. त्या पुतळ्याला तो ‘डेल्फीची देववाणी’ म्हणे. पाहुणे आले की पुतळा त्यांच्याशी बोलू लागे. प्राचीन मंदिरांतील पुजारी भाविकांना कसे फसवत असतील, हे दाखवण्यासाठी हा खेळ मांडल्याचे तो सांगे. पण फसवणूक उघडी करून दाखवण्यासाठी त्याला आधी फसवणुकीचे यंत्र बनवावे लागले होते. ज्या भिंतीतून राजा ऐकू शकतो, त्याच भिंतीतून देवही बोलू शकतो, हे त्या संग्रहालयात आलेल्या प्रत्येकाला कळले असेल.

१०/
इकडे इंग्लंडमध्ये सर सॅम्युअल मॉर्लंड याने १६७१ मध्ये एक पुस्तिका काढली आणि आपण दूरवर बोलण्याचा कर्णा शोधून काढल्याचे जाहीर केले. आपल्या कर्ण्याला त्याने ‘ट्यूबा स्टेंटोरो-फोनिका’ असे भारदस्त नाव दिले. स्टेंटर हा होमरच्या काव्यातला पन्नास माणसांइतका मोठा आवाज असलेला दवंडीकार. लंडनच्या सेंट जेम्स पार्कात राजा दुसरा चार्ल्स याच्यासमोर या कर्ण्याचा प्रयोग झाला. समुद्रावर एका गलबतावरून दुसऱ्या गलबताला हाका घालण्यासाठी त्याचा उपयोग उघडच होता.

११/
बातमी रोमला पोहोचली आणि सत्तरीला टेकलेला किर्शर संतापला. हा शोध आपण वीसहून अधिक वर्षांपूर्वीच लावला आहे, असा त्याचा दावा होता. तो सिद्ध करण्यासाठी १६७३ मध्ये त्याने ‘फोनुर्जिया नोव्हा’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. केवळ ध्वनिशास्त्राला वाहिलेल्या युरोपातील आरंभीच्या ग्रंथांत त्याचे नाव घेतले जाते. त्यात शंखाकृती नळ्यांची चित्रे पानोपानी आहेत. शास्त्राच्या इतिहासातले कितीतरी ग्रंथ जिज्ञासेपेक्षा असूयेने लवकर पूर्ण झाले आहेत, त्यांतलाच हा एक.

१२/
याच वृद्धाने कर्ण्याचा केलेला आणखी एक उपयोग मात्र मनाला भिडतो. रोमच्या पूर्वेला डोंगरात मेंतोरेल्ला नावाचे एक जुने, पडके देवस्थान त्याला सापडले होते. वर्गणी जमवून त्याने त्याचा जीर्णोद्धार केला. उत्सवाच्या दिवशी तो त्या कड्यावर आपला मोठा कर्णा लावी आणि आसपासच्या खेड्यांतील लोकांना प्रार्थनेसाठी हाका मारी. दऱ्या ओलांडून आवाज जाई आणि माणसे डोंगर चढून येत. येथे चोरून ऐकणे नाही, पुतळ्याआड लपणे नाही. हाक मारणारा माणूस कड्यावर उभा आहे आणि कोण हाक मारतो आहे, हे खालच्या सर्वांना ठाऊक आहे.

१३/
आता त्याची चूक. कर्ण्याने आवाज मोठा होतो, हे खरे. पण त्याचे कारण वळण नव्हे. एखादा लहानसा पडदा कंप पावतो, तेव्हा त्याच्यासमोरची हवा फार हलकी असते. पडदा ताकद लावतो आणि हवा नुसती बाजूला सरकते. उतारावर सायकलचे पायडल रिकामे फिरावे, तसेच हे. कर्ण्याचे अरुंद टोक पडद्यासमोर आणले की हवेला बाजूला सरकायला वाव राहत नाही. पडद्याला हवेचे वजन जाणवू लागते. मग नळी हळूहळू रुंदावत त्या कोंडलेल्या दाबाला मोकळ्या जगापर्यंत नेऊन सोडते. कर्णा म्हणजे हवेला जोडलेला गिअर.

१४/
ही गोष्ट गणितात मांडायला फार काळ लागला. अठराव्या शतकात बर्नुली, ऑयलर आणि लाग्रांज यांनी नळीतल्या ध्वनीची समीकरणे हाताळली होती. अमेरिकेतील आर्थर गॉर्डन वेबस्टर याने १९१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधामुळे कर्ण्याचे समीकरण अभियंत्यांच्या हाती आले. १९२४ मध्ये हॅना आणि स्लेपियन यांनी लाउडस्पीकरसाठी घातांकी कर्ण्याचा आराखडा मांडला. ठरावीक अंतर पुढे गेले की नळीचे क्षेत्रफळ दुप्पट व्हायचे, पुन्हा तेवढेच अंतर गेले की पुन्हा दुप्पट. चक्रवाढ व्याजाचाच हा हिशेब.

१५/
हा हिशेब कोणालाही करता येतो. कर्ण्याने ५० हर्ट्‌झपर्यंतचा खर्ज द्यावा असे वाटत असेल, तर त्याचे क्षेत्रफळ दर ३८ सेंटिमीटरला दुप्पट व्हायला हवे. त्याहून घाईने नळी रुंदावली तर खर्ज तिच्यात टिकत नाही. १०० हर्ट्‌झवर समाधान मानले, तर हेच अंतर १९ सेंटिमीटरवर येते. म्हणजे स्वर जितका खाली, तितका कर्णा संथपणे उलगडणारा आणि म्हणून तितकाच लांब. खर्जाला घाई चालत नाही, हे गायकांना ठाऊक असलेले सत्य सुतारकामातही तसेच लागू पडते.

१६/
कर्ण्याचे तोंड हा दुसरा प्रश्न. मोकळ्या मैदानात टांगलेल्या कर्ण्याच्या तोंडाचा परीघ सर्वांत खालच्या स्वराच्या तरंगलांबीएवढा असावा, असा संकेत आहे. ५० हर्ट्‌झची तरंगलांबी जवळजवळ ७ मीटर! एवढ्या तोंडाचे क्षेत्रफळ पावणेचार चौरस मीटर होते. पण कर्णा भिंतीला टेकवला की आवाजाला पसरायला निम्मेच जग उरते आणि निम्मे तोंड पुरते. दोन भिंती आणि छत मिळतात त्या कोपऱ्यात तर आठवा हिस्सा पुरतो. भिंतीवर टांगण्यामागे शोभेपलीकडचे असे कारण आहे. भिंत स्वतःच कर्ण्याचा भाग होते.

१७/
मग वळण कशासाठी? फक्त जागेसाठी. दोन-अडीच मीटर लांबीची नळी राहत्या खोलीत सरळ ठेवता येत नाही, म्हणून ती गुंडाळायची. सुदैवाने लांब तरंगांना वळणांची फारशी जाणीव होत नाही. नळीची रुंदी १० सेंटिमीटर असेल, तर साधारण १,७०० हर्ट्‌झच्या खालचे स्वर वळणावर फार न अडखळता पुढे जातात. त्यावरचे स्वर मात्र भिंतीभिंतींवर आपटून बिघडू लागतात. म्हणून शंखाकृती कर्णा मुख्यतः खर्जासाठी वापरतात. किर्शरला वळणांत जी शक्ती दिसली, ती खरे म्हणजे वळणांनी गुंडाळून ठेवलेल्या लांबीची आणि हळूहळू वाढणाऱ्या रुंदीची होती.

१८/
या आकाराला वैभवाचे दिवस आले बोलपटांमुळे. १९२६ मध्ये न्यूयॉर्कला ‘डॉन वॉन’ हा ध्वनिमुद्रित संगीत असलेला चित्रपट दाखवला गेला. त्या काळच्या ध्वनिवर्धकांत जेमतेम काही वॉट शक्ती असे आणि तेवढ्यात अख्खे नाट्यगृह भरायचे असे. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीने त्यासाठी गोगलगायीसारखे गुंडाळलेले भव्य लाकडी कर्णे बनवले आणि ते पडद्यामागे दडवले. पुढे १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात ‘आलम आरा’ झळकला आणि भारतीय चित्रपटाला वाचा फुटली. पुढच्याच वर्षी प्रभात कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ मराठी बोलू लागला. प्रभातचे बोधचिन्ह कोणते, तर तुतारी फुंकणारी स्त्री. बोलपटाच्या युगाला कर्ण्याहून साजेसे चिन्ह दुसरे मिळाले नसते.

१९/
कर्णा न गुंडाळता सरळच ठेवला तर तो केवढा होतो, हे लंडनच्या सायन्स म्युझियमने दाखवून दिले. तेथील रॉडरिक डेन्मन याने १९३० च्या सुमारास २७ फूट लांबीचा, ७ फुटांहून अधिक लांब-रुंद चौकोनी तोंडाचा धातूचा कर्णा उभारला. बीबीसीचे कार्यक्रम त्यातून ऐकायला लोक संग्रहालयात येऊन बसत. १९४९ मध्ये पाडकाम चालू असताना हा कर्णा चिरडला गेला. २०१४ मध्ये जुना वाचलेला तुकडा आणि जुनी मापे यांच्या आधारे तो पुन्हा बांधला गेला. एका आवाजाचा जीर्णोद्धार झाला, असेच म्हणायला हवे.

२०/
त्याच काळात लंडनमध्ये ई.एम.जी. नावाची छोटी कंपनी हाताने ग्रामोफोन बनवत होती. त्यांचे अवाढव्य कर्णे कागदाच्या लगद्याचे असत. पत्र्याचा कर्णा स्वतःच थरथरतो आणि आपला सूर गाण्यात मिसळतो, कागद मात्र गप्प राहतो. कोकणातली आजी जुन्या कागदाच्या लगद्यातून टोपली घडवते, त्याच जातीचे हे काम. पण काळ बदलत होता. १९२५ मध्ये राइस आणि केलॉग यांनी कागदी शंकूचा, कर्ण्याविना थेट हवेत बोलणारा स्पीकर मांडला. तो लहान होता, स्वस्त होता आणि कपाटात मावत होता.

२१/
या नव्या स्पीकरला दिलेल्या विजेपैकी जेमतेम एखादा टक्का ध्वनीत उतरतो, तर चांगला कर्णा दहा ते तीस टक्क्यांपर्यंत मजल मारतो. पण पुढे वीजशक्ती स्वस्त झाली, ट्रान्झिस्टर आले आणि उधळपट्टीचे कोणाला काही वाटेनासे झाले. कर्णा घरातून गेला आणि सभामंडपाच्या खांबावर भोंगा होऊन उरला. काही हट्टी माणसे मात्र मागे राहिली. अमेरिकेतील पॉल क्लिप्श याने खोलीच्या कोपऱ्यालाच कर्ण्याचा शेवटचा भाग बनवणारा स्पीकर १९४० च्या दशकात रचला. त्याचे उत्पादन पुढे दशकानुदशके चालू राहिले.

२२/
घरी शंखाकृती कर्णा बनवणारे आजचे कारागीर याच हट्टी घराण्यातले. त्यांची रीत साधारण अशी. प्लायवूडच्या दोन मोठ्या फळ्या घ्यायच्या, एक पाठीला आणि एक पुढे. मधे २० सेंटिमीटर रुंदीची पट्टी गुंडाळत न्यायची, तिच्या दोन वेटोळ्यांतले अंतर हिशेबाने वाढवत. निमुळत्या टोकाशी अंतर अडीच सेंटिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ ५० चौरस सेंटिमीटर. पाच वेळा दुप्पट झाले की १,६०० होते, म्हणजे तोंडाशी अंतर ८० सेंटिमीटर. दर ३८ सेंटिमीटरला दुप्पट धरले, तर लांबी सुमारे १.९ मीटर. ५० हर्ट्‌झसाठी कोपऱ्यातसुद्धा सुमारे ४,७०० चौरस सेंटिमीटरचे तोंड हवे. म्हणजे एवढे करूनही ती तडजोडच.

२३/
जाड फळी वाकत नाही. म्हणून तीन-चार मिलिमीटरचे पातळ थर सरस लावून एकावर एक वाकवतात, किंवा जाड पट्टीच्या पाठीला जवळजवळ खाचा पाडतात. सरस वाळेपर्यंत शिकंजे आवळून रात्रभर वाट पाहायची. एखादी बारीक फट राहिली तर खर्ज तेथून निसटतो आणि वर शिट्टीसारखा आवाज येतो. फळी पातळ राहिली तर ती स्वतःच गुणगुणू लागते. आणि सारे जमून आले तरी ते धूड भिंतीला पेलायला हवे. पहिला कर्णा बहुधा फसतो. दुसऱ्याची मापे पहिल्याच्या चुकांवरून निघतात.

२४/
बाजारात हजार रुपयांना मिळणारा स्पीकर जे काम करतो, त्यासाठी कोणी महिनोन्‌महिने लाकडाचा भुसा का खावा? त्याचे उत्तर किर्शरपाशी आहे. आवाज येतो कुठून, हे स्वतःच्या हातांना कळावे म्हणून. बंद डब्यातून येणारा आवाज ही आजची देववाणीच आहे. पुतळा बोलतो आणि भाविक ऐकतो. ज्याने कर्ण्याचे वेटोळे स्वतः वाकवले आहे, त्याला मात्र पुतळ्यामागची नळी ठाऊक असते.

२५/
वळणाच्या बाबतीत किर्शर सर्वस्वी चुकला होता का? २००६ मध्ये मनुसाकी, दिमित्रियादिस आणि चॅडविक या संशोधकांनी कॉक्लियाच्या वळणांविषयी गणिती विश्लेषण प्रसिद्ध केले. वळण जसजसे घट्ट होत जाते, तसतशी खालच्या स्वरांच्या तरंगांची ऊर्जा बाहेरच्या भिंतीकडे एकवटते आणि खर्ज ऐकण्यास मदत होते, असे त्यांचे म्हणणे. म्हणजे कानात वळणाला थोडे काम आहे, पण ते किर्शरला वाटले ते नव्हे. बाहेरच्या भिंतीला बिलगून जाणारा ध्वनी ही त्यातली मूळ कल्पना. ती कल्पना विजापूरला जाऊन आलेल्या प्रत्येकाने कानांनी अनुभवली आहे.

२६/
गोल घुमटाच्या सज्जात एका टोकाला केलेली कुजबुज भिंतीला बिलगून फिरत समोरच्या टोकाला स्पष्ट ऐकू येते. मुहम्मद आदिलशाह १६५६ मध्ये वारला आणि या घुमटाखाली त्याला पुरले. किर्शरचा ग्रंथ १६५० चा. शहाजीराजे ज्या दरबारात सरदार होते, त्या दरबाराच्या राजधानीत दगडाची कुजबुजणारी भिंत उभी राहत होती, तेव्हाच रोममध्ये कुजबुजणाऱ्या भिंतीचे चित्र तांब्यावर कोरले जात होते. दोघांना एकमेकांची वार्ताही नव्हती. पुढे १९२१-२२ च्या सुमारास सी. व्ही. रामन यांनी लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलमधील आणि भारतातील काही इमारतींमधील कुजबुज सज्जांचा अभ्यास केला.

२७/
आणि या सगळ्यांच्या कितीतरी आधी समुद्राने हा कर्णा बनवून ठेवला होता. फ्रान्समधील मार्सुला गुहेत सापडलेला, टोक मुद्दाम फोडलेला सुमारे १८,००० वर्षांपूर्वीचा शंख २०२१ मध्ये पुन्हा फुंकला गेला. देवघरात रोज वाजणारा शंख त्याच कुळातला. निमुळते टोक ओठांशी, वळणावळणाने रुंदावत जाणारी पोकळी, शेवटी उघडे तोंड. कानाला लावला की तोच शंख आसपासचा आवाज गोळा करून समुद्राची गाज ऐकवतो. एकच वस्तू, एका टोकाने कंठ आणि दुसऱ्या टोकाने कान.

२८/
हेच या आकाराचे खरे मर्म आहे आणि हाच त्याचा धोका. नळीला दिशा माहीत नसते. डायोनिसियसच्या दंतकथेत ती कैद्यांवर पाळत ठेवते, मेंतोरेल्लाच्या कड्यावर माणसांना एकत्र बोलावते. आज अनेक घरांत भिंतीवर वा कपाटावर एक छोटा, सुबक डबा असतो. तो गाणी म्हणतो आणि हुकूम मिळावा म्हणून ऐकतही असतो. किर्शरच्या चित्रातला पुतळा आता स्वस्त झाला आहे. त्याच्या नळीचे दुसरे टोक कोणाच्या दालनात उघडते, हा १६५० चा प्रश्न मात्र जसाच्या तसा आहे.

२९/
हाताने बनवलेल्या शंखाकृती कर्ण्यात असे काही लपलेले नसते. टोकाशी स्पीकर, तोंडाशी खोली आणि मधे मोजता येणारी हवा. एका हौशी कारागिराचा खटाटोप इतिहासाच्या दृष्टीने नगण्य वाटेल. पण भिंतीच्या कानाला कंठ देताना त्याने त्या भिंतीचे दुसरे टोकही स्वतःपाशी ठेवलेले असते.

३०/
किर्शर १६८० मध्ये रोमला वारला. शेवटच्या वर्षांत त्याची विद्वत्ता जुनाट ठरू लागली होती. नव्या पिढीचे शास्त्रज्ञ त्याला हसत होते आणि पुष्कळदा ते रास्तही होते. त्याचे संग्रहालय पुढे विखुरले आणि बोलणारा पुतळा गप्प झाला. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याचे हृदय मात्र मेंतोरेल्लाला नेऊन पुरले गेले. आयुष्यभर भिंतींना कान लावणाऱ्या माणसाने शेवटी स्वतःसाठी निवडली ती जागा, जिथून त्याने उघड्यावर उभे राहून लोकांना हाक मारली होती.

(धागा समाप्त)